शेतातल्या वाफ्यांपासून एजंटांच्या स्मृतीपर्यंत

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केले. कायदा २०२३ चा. त्याच्या १२ व्या कलमाने नागरिकाला स्वतःविषयीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क दिला असून, मुख्य तरतुदी नियम प्रसिद्ध झाल्यापासून १८ महिन्यांनी अमलात यायच्या आहेत. नेमक्या याच काळात संगणकविश्वात याच्या उलट दिशेचा एक उद्योग जोरात सुरू आहे. आपल्या वतीने तिकिटे काढणाऱ्या, पत्रांना उत्तरे देणाऱ्या, हिशेब सांभाळणाऱ्या एआय एजंटांना कायमची स्मृती द्यायची, आणि ती एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता जगभर विखुरलेल्या, परस्परांशी ओळखही नसलेल्या संगणकांवर तुकड्यातुकड्यांनी ठेवायची, असा हा उद्योग. म्हणजे कंपनी बुडाली, सर्व्हर जळाला, सरकार बदलले, तरी एजंटाला सारे आठवत राहील.

ही कल्पना काल-परवाची वाटते. तिच्यामागचे गणित मात्र ८० वर्षांहून जुने आहे, आणि त्याचा एक धागा कोलकात्यातून निघतो.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, तेव्हा ती प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका प्रयोगशाळेएवढी होती. महालनोबिसांनी तेथे ओढून आणलेल्या तरुणांपैकी एक राजचंद्र बोस. जन्म १९०१, होशंगाबादचा, पिंड भूमितीचा, संख्याशास्त्राशी संबंध जवळजवळ नव्हता. १९३५ च्या सुमारास नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले गणिती फ्रीडरिश लेव्ही कलकत्ता विद्यापीठात आले आणि त्यांच्याकडून बोस यांना सांत क्षेत्रांचे बीजगणित मिळाले. सांत क्षेत्र म्हणजे मोजक्याच संख्यांचे असे जग, की ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सर्व काही चालते आणि उत्तर कधीही त्या जगाबाहेर पडत नाही. शून्याने भागण्याची मनाई तेवढी तेथेही आहे.

या अमूर्त बीजगणिताला काम मिळाले ते शेतीत. समजा, भाताच्या ७ जातींची तुलना करायची आहे. पण जमिनीचा कस सारखा असलेल्या एका पट्ट्यात तीनच वाफे मावतात. मग कोणत्या पट्ट्यात कोणत्या जाती लावाव्यात, म्हणजे कोणत्याही दोन जाती सारख्याच वेळा शेजारी येतील आणि तुलना न्याय्य होईल? ७ पट्टे घेतले तर उत्तर सुबक निघते: प्रत्येक जात तीन पट्ट्यांत, प्रत्येक जोडी नेमकी एकदा एकत्र. संख्या वाढल्या की हे हाताने जुळवणे अशक्य होते. रोनाल्ड फिशर यांना असे आराखडे हवे होते. बोस यांनी सांत क्षेत्रे आणि सांत भूमिती वापरून ते रचण्याच्या सर्वसाधारण रीतीच १९३९ मध्ये मांडल्या. ही कामगिरी भारतीय गणिताच्या इतिहासात जेवढी ठळक दिसायला हवी तेवढी दिसत नाही, असे मला नेहमी वाटते. शेतीच्या वाफ्यांशी जोडलेले गणित आपल्याकडे जरा दुय्यम मानले जाते.

१९४९ मध्ये बोस अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्याकडे डॉक्टरेट केलेल्यांत नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झालेले शरदचंद्र श्रीखंडे होते. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचे १७८२ मधले एक अनुमान खोटे ठरवले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी संदेशांचे कोड रचण्याच्या सिद्धांतावरही निबंध लिहिला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. लगोलग १९६० मध्ये बोस आणि त्यांचे आणखी एक विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधरी यांनी चुका दुरुस्त करणाऱ्या कोडांचे एक संपूर्ण कुटुंबच शोधले. फ्रान्समध्ये ऑकँगेम यांनी ते स्वतंत्रपणे १९५९ मध्ये मांडले होते, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांनी ते बीसीएच कोड झाले. त्याच १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी आपला कोड प्रसिद्ध केला. तो या कुटुंबाचाच नातलग आहे, हे मागाहून लक्षात आले.

रीड-सॉलोमन कोडाचे मर्म शाळेतल्या भूमितीने समजते. दोन बिंदूंनी एक रेषा ठरते. त्याच रेषेवरचे आणखी दोन बिंदू नोंदवून ठेवले, तर चारांपैकी कोणतेही दोन हरवले तरी रेषा परत काढता येते. रेषेऐवजी नववा घात असलेली बहुपदी घ्या: १० बिंदूंनी ती ठरते, आपण १४ नोंदवतो, कोणतेही चार गेले तरी चालते. हे सारे सांत क्षेत्रात केले की संगणकाला पूर्णांक-अपूर्णांकांच्या चुकांची भीती उरत नाही. ओरखडे पडलेली सीडी याच युक्तीने वाजत असे, आणि व्हॉयेजर-२ ने १९८६ मध्ये युरेनसची चित्रे धाडली तीही याच कोडाच्या आधाराने. १९७९ मध्ये अदी शमीर यांनी हीच बहुपदी उलट कामाला लावली: गुपिताचे तुकडे करून वाटायचे; पुरेसे तुकडे जमले तरच गुपित उलगडते, एक जरी कमी पडला तरी काहीच कळत नाही. राखण्याचे आणि लपवण्याचे साधन एकच निघाले, हे पुढच्या कथेसाठी लक्षात असू द्यावे.

आतापर्यंतची चिंता होती निसर्गाची: गोंगाट, ओरखडे, किरणोत्सार. माणसांपासून स्मृती वाचवण्याचा विचार १९९६ मध्ये केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी मांडला. त्यांच्या योजनेचे नाव होते ‘इटर्निटी सर्व्हिस’, अनंतकाळाची सेवा. इंटरनेट जसे एखादी तार तुटल्याने थांबत नाही, तसे एखादा सर्व्हर जप्त झाल्याने नष्ट न होणारे साठवणीचे माध्यम उभारता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर होते: प्रती अनेक ठेवा, वेगवेगळ्या देशांत पसरा, आणि कोणता तुकडा कोठे आहे हे कोणालाच कळू देऊ नका. यात एक अट मुद्दाम घातलेली होती. दस्तऐवज खुद्द लेखकालाही काढून घेता येऊ नये. कारण त्याला ते शक्य असेल, तर त्याच्या डोक्याला पिस्तूल लावून कोणीही ते घडवून आणू शकेल. अट तर्काला धरून होती. आजची अडचणही तिच्यातूनच जन्मली आहे.

नंतरच्या पायऱ्या भराभर चढल्या गेल्या. २००० मध्ये फ्रीनेट, २००१ मध्ये बिटटोरेंट, २००२ मध्ये केंद्रीय यादीशिवाय लाखो संगणकांतून नेमका तुकडा शोधणारी काडेम्लिया ही पद्धत. २०१५ च्या आसपास आलेल्या आयपीएफएसमध्ये फाइलचा पत्ता ‘कोठे आहे’ यावरून न ठरता ‘आत काय आहे’ यावरून ठरू लागला. मजकुराचा २५६ बिटांचा हॅश हाच त्याचा पत्ता. एक स्वल्पविराम बदलला तरी पत्ता बदलतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आरवीव्हने एकदाच पैसे भरा आणि कायम साठवा, असे वचन दिले. साठवणीचा खर्च वर्षानुवर्षे उतरत जाईल आणि ठेवीतून तो भागत राहील, या गृहीतकावर ते उभे आहे. येथे थोडा संशयी सूर लावावासा वाटतो. २०११ च्या थायलंडमधील महापुराने हार्ड डिस्कच्या किमती चढल्या, आणि त्यापूर्वीचा घसरणीचा वेग पुढे परत आला नाही. घसरता खर्च हा बाजाराचा अनुभव आहे. त्याला उष्मागतिकीच्या नियमाचा दर्जा देता येत नाही.

पण खरे मोल पडते दुरुस्तीला. डिस्क मरतात, यंत्रे बंद पडतात, विखुरलेल्या जाळ्यात तर माणसे संगणक बंद करून निघून जातात. तुकडे घटत राहतात, म्हणून उरलेल्यांतून नवे तुकडे सतत घडवावे लागतात. रीड-सॉलोमन येथे उधळ्या ठरतो: १० अधिक ४ च्या मांडणीत एक तुकडा परत घडवायला दहा तुकडे वाचावे लागतात. फेसबुकच्या एका डेटा-केंद्राच्या २०१३ मधील अभ्यासात केवळ अशा दुरुस्तीपायी दिवसाला साधारण १८० टेराबाइटांहून अधिक माहिती यंत्रांच्या मांडण्यांमधून ये-जा करताना आढळली. त्या अभ्यासाच्या प्रमुख लेखिका के. व्ही. रश्मी या बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या विद्यार्थिनी. २०११ मध्ये त्यांनी निहार शाह आणि प्राध्यापक पी. विजय कुमार यांच्यासह कमी वाहतुकीत दुरुस्ती करणाऱ्या कोडांची एक मूलगामी रचना दिली होती. विजय कुमार यांच्या गटाने सहकाऱ्यांसोबत २०१८ मध्ये मांडलेला ‘क्ले कोड’ तर सेफ या मुक्त साठवण-प्रणालीत सामील झाला. १६ अधिक ४ च्या मांडणीत रीड-सॉलोमनला एका तुकड्यासाठी १६ तुकडे वाचावे लागतात. क्ले कोड उरलेल्या १९ यंत्रांकडून प्रत्येकी पाव तुकडा मागतो. एकूण पावणेपाच.

आणि वाफे? तेही परतले. २०१० मध्ये एल रुवाहेब आणि कन्नन रामचंद्रन यांनी दाखवले की, तुकड्यांच्या प्रती कोणत्या यंत्रावर ठेवायच्या हे ठरवायला भाताच्या जातींचा तो आराखडाच कामी येतो. ७ यंत्रे, ७ तुकडे, प्रत्येक यंत्रावर तीन. कोणत्याही दोन यंत्रांत नेमका एक तुकडा समान. एक यंत्र मेले तर त्याचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या यंत्रांकडून नुसते उतरवून घ्यायचे, गणित करायचेच नाही.

आता एजंटांकडे वळू. भाषेच्या प्रारूपाला मुळात स्मृती नसते. प्रशिक्षण संपले की त्याचे गुणांक गोठतात आणि प्रत्येक संवाद कोऱ्या पाटीवर सुरू होतो. आपण ज्याला एजंटाची आठवण म्हणतो ती म्हणजे बाहेर लिहून ठेवलेली टिपणे. गरज पडली की त्यांतली जुळणारी शोधून प्रश्नासोबत प्रारूपापुढे ठेवायची. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २५ एजंटांचे एक काल्पनिक गाव वसवले, तेव्हा प्रत्येक आठवणीला तीन निकषांवर गुण दिले: महत्त्व, प्रसंगाशी संबंध आणि ताजेपणा. ताजेपणाचा गुण गावातल्या दर तासाला ०.९९५ ने गुणला जाई. आम्हा भौतिकीवाल्यांना अशा ठिकाणी अर्धायुष्य काढल्याशिवाय राहवत नाही: सुमारे १३८ तास, म्हणजे पावणेसहा दिवस. आठवण पुन्हा वापरली की घड्याळ नव्याने सुरू होई. म्हणजे एजंटांना माणसांसारखे वागवायचे, तर लक्षात ठेवण्याइतकेच मागे पडू देणेही त्या रचनेत घालावे लागले होते.

अशी टिपणे विकेंद्रित, अपुसनीय साठ्यात गेली की काय होईल? फायदे खरे आहेत. एजंटाने एखादा निर्णय कोणत्या टिपणाच्या आधारे घेतला, हे वर्षांनी तपासता येईल, आणि ते टिपण मागाहून बदललेले नाही हे हॅश सिद्ध करेल. एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना आपली स्मृती आपल्यासोबत नेता येईल. पण हॅश सांगतो ते एवढेच, की बिट बदललेले नाहीत. मजकूर खरा आहे असे तो सांगत नाही. एखाद्या रुग्णाच्या नावावर चुकीचे निदान नोंदले गेले, किंवा कोणी खोडसाळपणे एजंटाच्या स्मृतीत खोटी सूचना पेरली, तर ती चूकही तितक्याच निष्ठेने जपली जाईल आणि पुन्हा पुन्हा वर येईल. दुरुस्तीचे नवे टिपण जोडता येते. जुने जात नाही.

विखुरलेल्या जाळ्यातून विसरण्याचाही एक प्रयत्न झाला होता, आणि तो उद्बोधक आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘व्हॅनिश’ नावाची योजना आणली. संदेश कुलूपबंद करायचा, किल्लीचे शमीर-पद्धतीने तुकडे करायचे आणि ते व्हूझ या फाइल-वाटपाच्या जाळ्यात टाकायचे. हे जाळे आठ तासांनी जुन्या नोंदी टाकून देई. तुकडे गेले की किल्ली गेली, किल्ली गेली की संदेश कायमचा मुका. वर्षभरातच दुसऱ्या एका गटाने दाखवले की, जाळ्यात खोटे सदस्य घुसवून, तुकडे गळून पडण्याआधीच टिपून ठेवता येतात. प्रत एकदा कोणाच्या हाती लागली की विसरण्याचे आश्वासन गणिताच्या हातात राहत नाही.

तरीही किल्ली नष्ट करणे हाच सध्या हाताशी असलेला सर्वात व्यवहार्य मार्ग आहे. प्रत्येक व्यक्तीची टिपणे वेगळ्या किल्लीने कुलूपबंद करूनच साठ्यात पाठवायची, किल्ली मात्र साठ्यात कधीही न पाठवता जबाबदार संस्थेकडे ठेवायची, आणि पुसण्याची मागणी आली की ती नष्ट करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात विसरले जाण्याच्या हक्काचीही चर्चा केली होती. किल्ली मोडणे म्हणजे माहिती पुसणे, हे कायद्याच्या अर्थाने पुरेसे मानायचे का, आणि हजारो अनामिक संगणकांच्या जाळ्यात जबाबदार संस्था नेमकी कोणती, हे प्रश्न आपल्याकडे संबंधित तरतुदी अमलात येण्यापूर्वीच मांडले जायला हवेत. माझ्या मते जबाबदारी एजंट चालवणाऱ्याची असावी. तुकडे सांभाळणाऱ्याला आत काय आहे हे ठाऊकच नसते.

किल्ली मोडल्यानंतर जाळ्यात काही थांबत नाही. एखादी डिस्क मरेल तेव्हा उरलेली यंत्रे आपापला वाटा पाठवतील आणि हरवलेला तुकडा काटेकोरपणे पुन्हा घडवला जाईल, जो आता जगात कोणालाही वाचता येत नाही.