हेन्स्लोच्या वहीतील कपडेपट

नाट्येतिहासाची साधने म्हटली की नाटके, नाटककार आणि नट यांचीच नावे डोळ्यांपुढे येतात. हिशेबाच्या वहीकडे सहसा कोणी फिरकत नाही. आम्ही सरकारी कचेरीत वह्या भरण्यात दिवस घालविणारी माणसे. तेव्हा शेक्सपिअरकालीन रंगभूमीची पुष्कळशी खात्रीची माहिती एका जमाखर्चाच्या वहीने राखून ठेविली आहे, हे वाचून आम्हांस आमच्या पेशाचा थोडासा अभिमान वाटला, तर वाचकांनी तो क्षम्य मानावा.

ही वही फिलिप हेन्स्लो याची. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर १५८७ मध्ये त्याने 'रोज' हे नाटकगृह उभारले आणि १५९२ पासून नाटकांचे हिशेब तो या वहीत लिहू लागला. वहीदेखील कोरी नव्हती. त्याचा भाऊ जॉन याने १५७६ ते १५८१ या काळात लोखंडाच्या भट्ट्यांचा हिशेब तीत लिहिला होता. ज्या भट्ट्यांच्या कोळशासाठी इंग्लंडमधील रानांचे लाकूड जळत होते, त्यांच्याच वहीतील उरलेल्या जागेत नाटकांचा जमाखर्च चढला. कागद वाया घालविणे हेन्स्लोस परवडण्यासारखे नव्हते.

खर्चाची बाजू वाचू लागताच एक गोष्ट ध्यानात येते: नाटक स्वस्त आणि कापड महाग. १६०३ च्या आरंभी टॉमस हेवुड यास 'अ वुमन किल्ड विथ काइंडनेस' या संपूर्ण नाटकाचे सहा पौंड मिळाले. त्याच नाटकासाठी घेतलेल्या एका काळ्या मखमली झग्यास सहा पौंड तेरा शिलिंग पडले. लंडनचा कसबी सुतार त्या काळी दिवसाकाठी सोळा पेन्सच्या आसपास मिळवी. म्हणजे हा झगा त्याच्या शंभर दिवसांच्या मजुरीचा झाला. आमच्या लेखकमित्रांस हा भाव रुचणार नाही. परंतु ज्या रंगमंचावर रंगविलेले देखावे नव्हते आणि ज्यावरील खेळ भर दुपारी उघड्या आभाळाखाली होत, तेथे राजा राजा दिसावयाचा तो वस्त्रानेच.

मग इतकी भारी वस्त्रे आणावयाची कोठून? १५९९ मध्ये लंडन पाहून गेलेल्या टॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने याचे उत्तर लिहून ठेविले आहे. थोर सरदार मृत्युसमयी आपली उत्तमोत्तम वस्त्रे नोकरांच्या नावे करीत. आता, कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड अंगावर घालावे याचेही कायदे त्या राज्यात होते. ते १६०४ मध्ये रद्द झाले. धन्याचा मखमली अंगरखा नोकरास शोभणार नाही, म्हणून तो थोडक्या पैशांत नाटकवाल्यांस विकून टाकी. अशा रीतीने सरदाराचा पोशाख रंगमंचावरील सरदाराच्या अंगावर चढे, आणि ज्यांना तो घालण्याची मनाई होती ते लोक पेनीभर पैसे देऊन तो पाहावयास येत.

१० मार्च १५९८ रोजी हेन्स्लोच्या नाटकगृहातील ॲडमिरलच्या मंडळीच्या कपडेपटाची यादी करण्यात आली. आमच्या कचेऱ्यांत 'डेड स्टॉक'ची मोजदाद होते, तशीच ही. टॅम्बरलेनचा तांब्याच्या जरीचा कोट, त्याचीच किरमिजी मखमलीची तुमान, पाचव्या हेन्रीचा मखमली झगा, सारे एकाखाली एक नोंदलेले. सोन्याची जर परवडत नसे. आपल्याकडे जिला खोटी जर म्हणतात तसलीच ही तांब्याची, उन्हात पुरेशी चमकणारी. त्याच वर्षी अदृश्य होण्याचा एक झगाही विकत घेतल्याची नोंद आहे. अदृश्य व्हावयासही कापड लागतेच!

या मालाची राखण किती कसोशीने होई, ते १६१४ च्या एप्रिलमधील एका करारावरून दिसते. रॉबर्ट डॉज या नटाने मंडळीचा पोशाख अंगावर ठेवून नाटकगृहाबाहेर पाऊल टाकल्यास त्यास चाळीस पौंड दंड होता. हेवुडच्या दराने सहा नाटके विकत घेऊनही त्यातून पैसे उरले असते.

लाकडाची तऱ्हाही वेगळी नव्हती. शेक्सपिअरच्या मंडळीचे 'द थिएटर' हे नाटकगृह १५७६ पासून शोअरडिच येथे परक्याच्या जमिनीवर उभे होते. जमिनीचा करार संपला. मालक नवा करीना. तेव्हा १५९८ च्या डिसेंबरअखेर बर्बेज बंधूंनी पीटर स्ट्रीट या सुताराच्या हातून सारी इमारत उतरविली. सांगाडा ओकचा, खुंट्या मारून सांधलेला. म्हणून तो उकलता आला. त्याच तुळया नदीपलीकडे नेऊन १५९९ मध्ये 'ग्लोब' उभे राहिले. मालकाने फिर्याद केली, पण लाकूड काही परत गेले नाही.

जुन्या काळची माणसे सृष्टीची चिंता वाहत असत, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. आम्हांस तो पटत नाही. हेन्स्लोच्या याच वहीत १५९३ पासूनचा त्याच्या गहाणवटीच्या धंद्याचा हिशेब आहे. ती प्लेगची वर्षे. नाटकगृहे बंद होती. झगे, परकर, चादरी असे घरचे कपडे लोक गहाण टाकीत होते, कारण दुसरे काही टाकण्यासारखे त्यांच्यापाशी नव्हते. कापड टिकविले जाई ते कापड मोलाचे आणि माणूस गरजू होता म्हणून. या काटकसरीचे गोडवे गाताना तिची ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

पुढे कापड यंत्रावर निघू लागले, मग खनिज तेलापासून केलेला धागा आला, आणि ही शिस्त ओसरली. एका नाटकासाठी शिवावे आणि प्रयोग संपताच फेकावे, हे हिशेबात बसू लागले. त्याचा खर्च नदी आणि हवा यांच्या खाती पडला, तो कोणत्याच वहीत चढला नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधील रंगकर्मींनी 'थिएटर ग्रीन बुक' नावाची नियमावली काढली. निर्मितीसाठी लागणारे निदान निम्मे साहित्य पूर्वी वापरलेले असावे, ही तिची पहिली पायरी. हेन्स्लोने ती वाचून विचारले असते, उरलेले निम्मे नवे आणण्याइतका पैसा कोणाजवळ आहे? त्याला जे भावाने शिकविले ते आता नियमाने शिकवावे लागत आहे, आणि नियम पाळावयाचा तर प्रथम यादी हवी. परप्रांती महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ज्यांनी नाटक बसविले आहे त्यांस हे सांगावयास नको. तेथे शालू कोणा वहिनींच्या कपाटातून येतो, कोट कोणा साहेबांच्या ट्रंकेतून, आणि प्रयोगानंतर ज्याचे त्यास परत करण्याची यादी बहुधा एखाद्या कारकुनाच्याच हाती असते.

हेन्स्लो १६१६ मध्ये वारला. त्याने आणि त्याचा जावई नट एडवर्ड ॲलेन याने १६०० मध्ये त्याच पीटर स्ट्रीटकडून 'फॉर्च्युन' हे नाटकगृह बांधून घेतले होते. ९ डिसेंबर १६२१ च्या रात्री ते दोन तासांत जळाले, आणि मंडळीचे सारे कपडे व नाटकांच्या पोथ्या त्यात गेल्या. दोन वर्षांत त्याच जागी विटांचे नवे नाटकगृह उभे राहिले. पोथ्या पुन्हा लिहवून घेता येत होत्या, सहा-सहा पौंडांना. मखमल मात्र पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागणार होती.