कार्बन, उष्णता आणि घर्षण: एका झिजणाऱ्या ब्रशपासून हार्ड डिस्कपर्यंत

१/ #थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास
दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांत एक विचित्र बिघाड दिसू लागला. जनित्रातील कार्बनचे ब्रश जमिनीवर दीर्घकाळ टिकत. आकाशात मात्र काही तासांत त्यांची भुकटी होई. निसरडेपणासाठी प्रसिद्ध असलेला पदार्थ अचानक असा का झिजावा?

२/ कार्बनचा हा निसरडेपणा कारखान्यात आला तो उष्णतेच्या वाटेने. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी १८९१ मध्ये विद्युत भट्टीत कार्बोरंडम हा अतिकठीण पदार्थ मिळवला. तो प्रमाणाबाहेर तापवला असता त्यातील सिलिकॉन वाफ होऊन निघून गेले आणि मागे ग्राफाइट उरले. १८९६ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले.

३/ १९२४ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ग्राफाइटची रचना उलगडली. पत्त्यांच्या गड्डीसारखे एकावर एक थर, आणि दोन थरांमधील बंध दुर्बळ. थर सहज सरकतात म्हणून ग्राफाइट निसरडे, हे उत्तर तेव्हा पुरेसे वाटले.

४/ विमानांनी ते अपुरे ठरवले. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये खरे कारण मांडले: बाष्प. थरांच्या कडांवरील कार्बनचे मोकळे बंध समोरच्या पृष्ठभागाला पकडतात. हवेतील पाण्याची वाफ ते बंध मिटवते. उंचावरील कोरड्या हवेत ही सोय नसते.

५/ १९७१ मध्ये एझेनबर्ग आणि शाबो यांनी आयनांच्या झोतातून कार्बनचा अत्यंत कठीण लेप तयार केला. त्याला ‘हिरासदृश कार्बन’ हे नाव मिळाले. यात हिऱ्यासारखे व ग्राफाइटसारखे बंध सरमिसळ असतात. अशा अनेक लेपांत पुढे हायड्रोजनही मिसळला गेला. मोकळे बंध मिटवण्याचे बाष्पाचे काम आता लेपातील हायड्रोजनच करू लागला.

६/ १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या आर्गोन प्रयोगशाळेत अली एर्देमिर व सहकाऱ्यांनी हायड्रोजनसमृद्ध लेप कोरड्या नायट्रोजनमध्ये तपासला. घर्षणांक निघाला ०.००१ ते ०.००३! ग्राफाइट जिथे हरते, तिथेच हा लेप जिंकला.

७/ मात्र याच बलस्थानावर उष्णता घाव घालते. साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे हायड्रोजन निघून जाऊ लागतो आणि बंध ग्राफाइटच्या वळणावर जातात. हवेत पृष्ठभाग निसरडा होऊन घर्षण कधी कधी घटतेही; पण लेप मऊ पडल्याने झीज वाढते. निर्वातात तर घर्षणही चढते. म्हणजे कमी घर्षण आणि कमी झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८/ हायड्रोजनविरहित लेपांची व्यथा निराळी. त्यांच्यातील अंतर्गत ताण इतका प्रचंड असतो की जाड लेप आपोआप सोलून निघतो. १९९७ मध्ये सँडिया प्रयोगशाळेच्या संशोधकांनी असे लेप सुमारे ६०० अंशांवर काही मिनिटे तापवले. ताण जवळजवळ नाहीसा झाला, कठीणपणा मात्र टिकला. एका लेपाला मारक ठरणारी उष्णता दुसऱ्याला तारक ठरली.

९/ हा इतिहास आजही चालू आहे. हार्ड डिस्कच्या चकतीचे रक्षण काही नॅनोमीटर जाडीचा कार्बनचा लेप करतो. २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर बाजारात आलेल्या नव्या डिस्कमध्ये माहिती लिहिताना लेसर तो बिंदू क्षणार्धात ४०० अंशांच्या पुढे तापवतो. हे अगणित वेळा सोसूनही लेप झिजता कामा नये. तो झिजला तर त्याखालची माहितीच धोक्यात येते. म्हणून अभियंते आजही तेच प्रश्न विचारतात: किती ताप, किती वेळ, कोणत्या हवेत, आणि लेपात हायड्रोजन किती?