ओहेअर : विमानतळाच्या नावामागचा वैमानिक

शिकागोच्या ओहेअर विमानतळाचे नाव शहरी मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेले नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणारे पुण्या-मुंबईचे आईवडील, तिथल्या विद्यापीठांत शिकायला निघालेले विद्यार्थी, २०११ मध्ये शिकागोत भरलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला गेलेली मंडळी अशा कितीतरी जणांनी या विमानतळाचे लांबच लांब मार्ग तुडवले आहेत. सामानाला लावलेल्या चिठ्ठीवर मात्र 'ओआरडी' ही अक्षरे असतात. ओहेअर या नावाशी त्यांचा काही मेळ बसत नाही. याचे कारण असे की, हे नाव मूळचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या एका नौदल वैमानिकाच्या स्मरणार्थ ते नंतर देण्यात आले. लेफ्टनंट कमांडर एडवर्ड हेन्री ओहेअर हे त्या वैमानिकाचे नाव. प्रशांत महासागरावरील काळोखात ते नाहीसे झाले तेव्हा त्यांचे वय अवघे २९ वर्षांचे होते.

वडिलांची सावली

ओहेअर यांचा जन्म १३ मार्च १९१४ रोजी मिसुरी राज्यातील सेंट लुइस येथे झाला. सहकाऱ्यांमध्ये ते 'बुच' या टोपणनावाने ओळखले जात. अॅनापोलिस येथील नौदल प्रबोधिनीतून १९३७ मध्ये ते उत्तीर्ण झाले. 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर सुमारे दोन वर्षे काढल्यानंतर १९३९ मध्ये त्यांनी पेन्साकोला येथे वैमानिकाचे प्रशिक्षण सुरू केले.

याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांच्या वडिलांची शिकागोत भररस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली. वडील व्यवसायाने वकील. कुत्र्यांच्या शर्यतींच्या धंद्यात कुप्रसिद्ध गुंड अल कपोन याच्याशी त्यांचे व्यावसायिक संबंध होते. पुढे त्यांनीच कपोनविरुद्ध सरकारी यंत्रणेला माहिती पुरवली आणि १९३१ मध्ये करबुडवेगिरीच्या खटल्यात कपोनला शिक्षा झाली. तो तुरुंगातून सुटण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी ही हत्या झाली.

या घटनेभोवती पुढे एक बोधकथा रचली गेली. मुलाला निष्कलंक नाव मिळावे म्हणून पित्याने प्राणांची पर्वा न करता सत्याची बाजू घेतली, असे तिचे तात्पर्य. इ-मेलच्या जमान्यात ही कथा असंख्य पेट्यांमध्ये जाऊन पोहोचली. मुलाला अॅनापोलिसमध्ये प्रवेश मिळावा ही वडिलांची इच्छा होती, असे सांगितले जाते. परंतु धंद्यातील हिशेब आणि स्वतःची सुटका या बाजूही नाकारता येत नाहीत. मुलाचे शौर्य समजून घेण्यासाठी वडिलांना संत ठरवण्याची गरज नाही.

चार मिनिटांची झुंज

पर्ल हार्बरवरील हल्ल्याला अडीच महिनेही झाले नव्हते. न्यू ब्रिटन बेटावरील रबाऊल बंदर जपानने जानेवारी १९४२ मध्ये जिंकून घेतले होते. त्यावर हल्ला चढवण्यासाठी 'लेक्सिंग्टन' ही विमानवाहू नौका निघाली. पण २० फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी टेहळणी विमानांनी तिला हेरले. दुपारनंतर रबाऊलहून बॉम्बफेकी विमानांच्या दोन तुकड्या आल्या. पहिल्या तुकडीतील नऊ विमानांचा समाचार घेण्यासाठी 'लेक्सिंग्टन'ची बहुतेक लढाऊ विमाने झेपावली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने आणखी आठ विमाने येताना दिसली. त्यांना अडवण्याइतक्या जवळ फक्त दोन वैमानिक होते, ओहेअर आणि त्यांचे जोडीदार. जोडीदाराच्या मशीनगन ऐनवेळी अडकल्या. आठ विमानांसमोर ओहेअर एकटे उरले.

त्यांच्या 'वाइल्डकॅट' विमानाला चार मशीनगन होत्या आणि प्रत्येकीला सुमारे साडेचारशे काडतुसे. घोडा दाबून धरला तर हा सारा साठा अर्ध्या मिनिटात संपावा. समोरच्या जपानी विमानांच्या शेपटीत तोफा होत्या, म्हणजे पाठीमागून जाणे धोक्याचे. ओहेअर वरून आणि बाजूने तिरपा सूर मारत, इंजिनांवर नेम धरून, मोजक्या गोळ्या झाडत राहिले. एका बाजूने हल्ला, लगेच दुसऱ्या बाजूने. हे सारे जेमतेम चार मिनिटांत घडले. 'लेक्सिंग्टन'वर एकही बॉम्ब पडला नाही.

परतताना नौकेवरच्याच एका भांबावलेल्या तोफचीने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. उतरल्यावर ओहेअर यांनी त्याला रागावण्याऐवजी हसत समज दिली, अशी आठवण सांगितली जाते. त्यांचे स्क्वाड्रनप्रमुख जॉन थॅच यांनी हिशेब केला, तेव्हा एका विमानामागे साधारण साठच गोळ्या खर्ची पडल्याचे त्यांना आढळले.

पाच की तीन?

अमेरिकेतील सर्वोच्च शौर्यपदक म्हणजे 'मेडल ऑफ ऑनर'. आपल्याकडील परमवीर चक्राच्या तोडीचे. २१ एप्रिल १९४२ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसमध्ये ते ओहेअर यांना प्रदान केले. पत्नी रीटा यांनी ते त्यांच्या गळ्यात घातले. पाच विमाने पाडली आणि सहाव्याचे मोठे नुकसान केले, अशी नोंद मानपत्रात आहे. पाच विमाने पाडणाऱ्याला 'एस' म्हणतात. त्या अर्थाने ते या युद्धातील अमेरिकी नौदलाचे पहिले 'एस' ठरले.

युद्धानंतर जपानी कागदपत्रे अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा ओहेअर यांनी प्रत्यक्ष पाडलेली विमाने तीन असावीत, असा निष्कर्ष स्टीव्ह युइंग आणि जॉन लुंडस्ट्रॉम या चरित्रकारांनी काढला. आणखी काही विमाने त्यांच्या गोळ्यांनी जायबंदी झाली होती. या फेरमोजणीने पराक्रमाला बाध येतो काय? मुळीच नाही. धुराने भरलेल्या आकाशात, ताशी शेकडो मैलांच्या वेगात केलेली मोजणी चुकणारच. आठ विमानांवर एकट्याने चालून जाण्याचा निर्णय त्यांनी घेतला, तेव्हा आपण किती पाडणार हे त्यांना ठाऊक नव्हते.

मिरवणुकीकडून युद्धाकडे

पराजयाच्या बातम्यांनी खचलेल्या देशाला त्या वेळी वीरपुरुष हवाच होता. सेंट लुइसमध्ये ओहेअर यांची भव्य मिरवणूक निघाली. युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी त्यांना गावोगाव फिरवण्यात आले. मुळात संकोची स्वभावाच्या या तरुणाला ते फारसे मानवले नाही. पदकविजेता म्हणून आघाडीपासून दूर राहणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी मात्र स्क्वाड्रनची सूत्रे स्वीकारली आणि हवाईमध्ये नवशिक्या वैमानिकांना घडवण्याचे काम केले. त्यांच्या हाताखाली शिकलेले अलेक्स व्राचू पुढे अमेरिकी नौदलाच्या अग्रगण्य लढाऊ वैमानिकांत गणले गेले. १९४३ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये मार्कस व वेक बेटांवरील हल्ल्यांत ओहेअर 'हेलकॅट' विमान घेऊन पुन्हा लढले.

त्या नोव्हेंबरात गिल्बर्ट बेटांची, म्हणजे आजच्या किरिबातीची, लढाई सुरू झाली. जपानी विमाने आता रात्रीच्या अंधारात पाणतीर घेऊन अमेरिकी नौकांवर येऊ लागली. रात्री विमानवाहू नौकेवरून लढाऊ विमाने उडवण्याची पद्धतच तोवर बसलेली नव्हती. 'एंटरप्राइज' नौकेवरील हवाई तुकडीचे प्रमुख असलेल्या ओहेअर यांनी सहकाऱ्यांसह एक उपाय आखला. रडार बसवलेल्या एका 'अॅव्हेंजर' विमानामागे दोन 'हेलकॅट' उडतील. नौकेवरील रडार त्यांना शत्रूच्या दिशेने नेईल. पुढे 'अॅव्हेंजर'चे रडार वाट दाखवील आणि शत्रूच्या इंजिनांतून निघणाऱ्या निळसर ज्वाळा दिसल्या की 'हेलकॅट' हल्ला करतील. प्रयोग जोखमीचा होता. तुकडीप्रमुखाने स्वतः जायलाच हवे असे नव्हते, तरी एका 'हेलकॅट'मध्ये ओहेअरच बसले.

२६ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री 'अॅव्हेंजर'ने शत्रूची विमाने टिपली. त्यानंतर तिन्ही विमाने काळोखात पुन्हा एकत्र येत असताना एक जपानी विमान त्यांच्या मागे शिरले. 'अॅव्हेंजर'वरील तोफची आल्विन कर्नन यांनी त्यावर गोळ्या झाडल्या. त्याच क्षणी ओहेअर यांचे विमान रांगेतून निसटले आणि खाली गेले. उजाडल्यावर शोध घेण्यात आला. काहीही सापडले नाही.

आपल्याच गोळ्यांनी त्यांचा बळी घेतला, असा तर्क अनेक वर्षे मांडला गेला. कर्नन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक झाले आणि त्या रात्रीविषयी त्यांनी आठवणींत लिहिले. जपानी विमानातील तोफचीच्या गोळ्यांनीच ओहेअर पडले, असा निर्वाळा उपरोक्त चरित्रकारांनी दिला आहे. त्या रात्री शत्रूचा हल्ला विस्कळित झाला आणि नौका बचावल्या. ओहेअर यांना मरणोत्तर 'नेव्ही क्रॉस' हे दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक देण्यात आले.

नाव उरले

१९४५ मध्ये एका विनाशिकेला ओहेअर यांचे नाव देण्यात आले. जलावतरण त्यांच्या आईच्या हस्ते झाले. शिकागोजवळ ऑर्चर्ड प्लेस येथे युद्धकाळात विमानांचा कारखाना होता. त्या जागेवरील विमानतळाला ओहेअर यांचे नाव द्यावे, ही सूचना 'शिकागो ट्रिब्यून'चे प्रकाशक रॉबर्ट मॅकॉर्मिक यांची. सप्टेंबर १९४९ मध्ये ती अमलात आली. 'ऑर्चर्ड'वरून आलेली 'ओआरडी' ही खूण मात्र तशीच राहिली. मार्च १९६३ मध्ये विमानतळाच्या समर्पण समारंभाला अध्यक्ष जॉन केनेडी आले होते. त्यांनीही १९४३ मध्ये प्रशांत महासागरात नौदल अधिकारी म्हणून युद्ध अनुभवले होते.

पुढे विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये एक 'वाइल्डकॅट' विमान मांडण्यात आले. ते ओहेअर यांचे नव्हे. युद्धकाळात मिशिगन सरोवरात वैमानिकांना विमानवाहू नौकेवर उतरण्याचे शिक्षण दिले जाई. त्या सरावात बुडालेले हे विमान वर काढून दुरुस्त करण्यात आले आणि ओहेअर यांच्या विमानाप्रमाणे रंगवण्यात आले. त्यांचे स्वतःचे शेवटचे विमान समुद्रानेच ठेवून घेतले आहे. पुढचे विमान सुटायला अवकाश असलेल्या प्रवाशाने या 'वाइल्डकॅट'च्या एवढ्याशा कॉकपिटकडे एकदा निरखून पाहावे. आठ विमानांसमोर उभा ठाकलेला माणूस किती एकटा होता, याची कल्पना तिथे येते.