कुळाची चौकडी

स्कॉटलंडात पहिलाच किल्ट मापाने शिवून घेणाऱ्याला खरा पेच पडतो तो कापडाचा. सुमारे ८ वार लोकरी कापड लागते, आणि मागच्या चुण्या घालूनही चौकडी अखंड दिसावी लागते. एवढा खर्च करायचा, तर ते चौकडीचे कापड, म्हणजे टार्टन, आपल्याच कुळाचे हवे, असे त्याला वाटते.

इतिहास मात्र या हट्टाला फारसा दुजोरा देत नाही. १७४५ च्या बंडानंतर, १७४६ च्या कायद्याने, फौजेबाहेरच्या पुरुषांना हा डोंगरी वेष बंद झाला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी! १७८२ मध्ये बंदी उठली, तोवर एक पिढी सरली होती. १८१५ मध्ये लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळप्रमुखांकडून नमुने मागवले, तेव्हा आपले टार्टन कोणते, हे काहींना सांगता येईना. बॅनकबर्नच्या विल्सन विणकरांकडे नुसत्या क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या काही चौकड्यांना पुढे कुळांची नावे चिकटली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, आणि या कापडाला ऊत आला.

मग हे सारे खोटेच म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. ज्या वस्त्रापायी आजोबांना तुरुंग होता, ते नातवाने मिरवले. नमुना नवा असेल, ओढ जुनीच होती. २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे, आणि तीत नवे नमुनेही दाखल होतात. पहिला किल्ट घेणाऱ्याने वंशावळ जरूर चाळावी. काही न सापडल्यास मनाला रुचेल ती चौकडी बेलाशक घ्यावी. कित्येक कुळप्रमुखांनी तरी दुसरे काय केले होते?