मूलनलिकोपचार : साहित्य व तंत्र यांवरील संशोधन

किडलेल्या दाताचा मगज काढून मूलनलिका जंतुरहित करणे आणि घट्ट भरून बंद करणे, म्हणजे मूलनलिकोपचार (रूट कॅनॉल).

दातातील मगजाचे दुखणे जंतूंमुळेच होते, हे 1965 मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी दाखवले. जंतुमुक्त वातावरणात वाढलेल्या उंदरांचा उघडा पाडलेला मगज सावरला, साध्या उंदरांचा मेला. त्यामुळे नलिका धुण्याला भरण्याइतकेच महत्त्व आले. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट आजही मुख्य द्रावण आहे. ते मृत ऊती विरघळवते; पण मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास तीव्र वेदना व सूज येते, म्हणून सुई नलिकेत अडकू न देता सावकाश सोडतात. भारतात त्रिफळ्याचीही चाचणी झाली आहे, मात्र प्रयोगशाळेतील यशावरून रुग्णाबाबत निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

1988 मध्ये वालिया व सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमच्या लवचिक फाइल अभ्यासल्या. वाकड्या मुळांत त्या पोलादी फाइलींपेक्षा नलिकेचा मूळ आकार चांगला राखतात. भरणीसाठी गटापर्चा एकोणिसाव्या शतकापासून टिकून आहे. 1993 पासून ज्ञात असलेले एमटीए (मिनरल ट्रायॉक्साइड ॲग्रिगेट) हे सिमेंट ओलाव्यात घट्ट होते. मात्र त्याला सुमारे पावणेतीन तास लागतात व दात काळवंडू शकतो. त्याच प्रकारचे बायोडेंटिन हे सिमेंट सुमारे 12 मिनिटांत घट्ट होते.

अशा साहित्याच्या तुलनेसाठी बहुधा काढलेले दात वापरतात : नलिका घासून भरतात, मूळ उभे चिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फटी पाहतात.