मुलाचा ताबा : एक पालक गैरहजर राहिल्यास न्यायालय काय करते?

मुलाच्या ताब्याचा अर्ज न्यायालयापुढे आला आणि आई किंवा वडील यांपैकी एक जण सुनावणीस आलाच नाही, तर न्यायालय एकतर्फी सुनावणी घेऊ शकते. मात्र, केवळ या गैरहजेरीमुळे हजर पालकाची मागणी आपोआप मान्य होत नाही.

तमिळनाडूतील कुंभकोणमचे उदाहरण घेता येईल. तंजावूर परिसरात भोसले राजवटीपासून मराठी भाषक कुटुंबे वसलेली आहेत. समजा, मूल आईसह कुंभकोणमला आजोळी राहते आणि वडील पुण्यात नोकरी करतात. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार, मूल सामान्यतः जेथे राहते तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. कुटुंब न्यायालय असल्यास ते काम त्याच्याकडे जाते. त्यामुळे पुण्यातील वडिलांना तंजावूर जिल्ह्यात हजर राहावे लागते. तेथील कामकाज तमिळ भाषेत, वकील अपरिचित आणि प्रवास लांबचा. असे समन्स नाकारले की प्रकरण थांबते, अशी समजूत रूढ आहे. ती चुकीची आहे. समन्स घेण्यास नकार दिला, तरी ते बजावले गेल्याचे न्यायालय जाहीर करू शकते. पक्षकार बजावणी टाळत असल्यास समन्स त्याच्या घरावर चिकटवण्याचा किंवा वृत्तपत्रात प्रसिद्ध करण्याचा आदेशही दिला जातो.

बजावणी सिद्ध झाल्यानंतरच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ६ नुसार एकतर्फी सुनावणी होते. तेव्हाही हजर पालकाला मुलाचे शिक्षण, आरोग्य, घरातील देखभाल यांविषयी पुरावा द्यावाच लागतो. मुलाचे हित हाच निर्णयाचा आधार असतो आणि मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची इच्छाही विचारात घेता येते. हिंदू कुटुंबांत पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६ चा कायदा सांगतो.

गैरहजर पालकाला पुढील तारखेस सबळ कारण दाखवून सुनावणीत सहभागी होता येते. हुकूम झालाच, तर तो रद्द करण्यासाठी नियम १३ नुसार ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावले गेले नसल्यास ही मुदत हुकमाची माहिती मिळाल्यापासून मोजतात. तारीख माहीत असताना बजावणीतील किरकोळ त्रुटीचा आधार मात्र घेता येत नाही. प्रकरण दुसऱ्या राज्यात वर्ग करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे जावे लागते, तर तंजावूर जिल्ह्यातील अपिले मद्रास उच्च न्यायालयाच्या, २००४ मध्ये सुरू झालेल्या मदुराई खंडपीठाकडे जातात.

ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलल्यास तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या एका प्रकरणात १९७३ मध्ये स्पष्ट केले आहे. व्यवहारात मात्र वर्ष-दोन वर्षांत मूल त्या घरात, त्या शाळेत रुळते आणि पुढच्या सुनावणीत तेही विचारात घेतले जाते.

परदेशातील एकतर्फी आदेशांनाही हीच कसोटी लागते. ब्रिटनमधील न्यायालयाने वडिलांच्या अर्जावर दिलेला असा आदेश असतानाही मुलीला दिल्लीत आईकडेच राहू देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये दिला. न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी लिहिलेल्या या निकालानुसार, परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक असतो.