किड्याची पहिली चाकरी

'वर्म' म्हटले की आज संगणक पोखरणारा किडा आठवतो. पण हा किडा जन्मला तो कचेरीतला सेवक म्हणून. १९७०च्या दशकाच्या अखेरीस, कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात शंभराहून अधिक 'आल्टो' संगणक ईथरनेटच्या जाळ्याने जोडलेले होते, आणि रात्री ते रिकामे पडून असत. जॉन शॉक व जॉन हप यांनी असा प्रोग्राम रचला, की जो मोकळे यंत्र हुडकी, तेथे आपली प्रत धाडी आणि जाळ्याची तपासणी यांसारखी नित्याची कामे उरकी. नाव सुचले ते जॉन ब्रनरच्या १९७५च्या 'द शॉकवेव्ह रायडर' या कादंबरीवरून. यंत्रातल्या डिस्कला हात लावायचा नाही, हा दंडक. शेजाऱ्याच्या ओसरीवर निजावे, फडताळ उघडू नये!

एका रात्री छोटासा किडा चालू ठेवून मंडळी घरी गेली. सकाळी पाहतात तो डझनावारी यंत्रे निपचित. प्रोग्रामची एखादी प्रत बिघडली असावी. यंत्र पुन्हा सुरू करावे, तर किडा शिरे आणि ते पुन्हा बंद पडे. काही यंत्रे तर कुलूपबंद खोल्यांत होती. सुदैवाने कर्त्यांनी आधीच एक तोड योजून ठेवली होती : ठराविक संदेश जाळ्यात सोडताच सारे किडे थांबले. मागे उरली शंभर मृत यंत्रे.

ही फजिती त्यांनी १९८२च्या आपल्या लेखात स्वतःच छापली, याचे मला अधिक मोल वाटते. नोव्हेंबर १९८८मध्ये रॉबर्ट मॉरिसच्या किड्याने इंटरनेटवरील हजारो यंत्रे जेरीस आणली. त्याला बाहेरून आवरणारा असा संदेश नव्हता.